अंगठ्याजवळची जागा

मागून कुणीतरी हाक मारत होतं, आणि ती हाक आपल्याला आहे हे त्र्यंबकरावांच्या ध्यानात यायला वेळ लागला. "अवो काका! चप्पल रायली तुमची! तिकरं बगा!" पारनाक्याच्या कोपऱ्यावर सुकी मासळी घेऊन बसणारी आवडाबाई हात लांब करून मागे दाखवत होती. त्यांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डाव्या पायात नव्हती. डावा पाय धुळीने भरला होता, अंगठ्याला एक खडा चिकटून बसला होता, आणि तो पाय आपला आहे असं आतून काही वाटत नव्हतं. चप्पल बरीच मागे, पानाच्या दुकानासमोर पालथी पडली होती. म्हणजे तेवढा रस्ता आपण एका पायाने अनवाणी चालत आलो आणि पायाने ते सांगितलं नाही. ते वळले. वळताना काय झालं कुणास ठाऊक, रस्ता जरासा वर आल्यासारखा झाला आणि ते उजवा हात टेकून खाली बसले. पडले नाहीत. पुढे कित्येक दिवस ते सगळ्यांना हेच सांगत राहिले, पडलो नाही, बसलो. फक्त बसताना भुईमुगाची शेंग फोडावी तसा एक बारीक आवाज झाला, आणि तो त्यांना कानाने नव्हे, खांद्यातून ऐकू आला.

"लय लागलं का वो?" आवडाबाई टोपली सोडून आली होती.

"नाही गं. बसलो जरा."

"रस्त्यान? बरी जागा गावली बसाला. उठा मंग." तिने त्यांच्या बगलेत हात घातला, आणि मग तिची नजर त्यांच्या मनगटावर गेली. "आगं बया. हाताचा कोयता झालाय तुमच्या." मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "बाय असती त तुमाना असा एकला सोरली नसती."

बाय म्हणजे मंदाकिनी. ती गेल्या पौषात गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवडा पुरा व्हायच्या आत गेली. आजारी त्र्यंबकराव होते. गेली आठ-नऊ वर्षं त्यांना गोड लघवीचा आजार होता, रोज सकाळी सुई टोचून घ्यावी लागे. लोक जपायला सांगत ते त्यांना, देवाला नवस बोलले जात ते त्यांच्या नावाने. ती तर कधी शिंकलीसुद्धा नव्हती. स्मशानातून परत येताना शेजारचे कुणीतरी दुसऱ्या कुणाला हळूच म्हणाले होते, उलटंच झालं की हो. त्र्यंबकरावांना ते ऐकू आलं आणि पटलंही. काहीतरी उलटं झालं होतं. कुठेतरी कुणाच्या तरी हातून चूक झाली होती आणि ती चूक दुरुस्त करायला माणूस यायचा राहिला होता.

हाताला प्लॅस्टर घालून घरी आणलं तेव्हा पुतण्या हरिहर आणि त्याची बायको सरोज डोंबिवलीहून धावत आली होती. सरोजने चहा केला, आपल्या सवयीने त्यात साखर घातली, मग जीभ चावून तो ओतून टाकला. हरिहर खुर्ची ओढून समोर बसला. त्र्यंबकराव हाताकडे पाहत होते. कोपराच्या खालून सुरू झालेलं पांढरं प्लॅस्टर मनगटावरून तळव्यात उतरलं होतं आणि अंगठा व त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधून फिरून पुन्हा वर गेलं होतं. बोटांची पेरं तेवढी बाहेर. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने ती अंगठ्याजवळची जागा चाचपली. तिथे प्लॅस्टर सगळ्यात जाड होतं. आणि मग त्यांना आठवलं.

"हरिहर, वर्षश्राद्ध कधी येतं?"

"पौषात, काका. वद्य पंचमीला. आहे अजून वेळ."

"तोवर हे निघेल?"

"निघेल की. नाही निघालं तर मी आहे ना."

हीच तर गोष्ट होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिचं सगळं त्यांनाच करायचं होतं, आणि वर्षभर केलंही होतं. पितरांना पाणी सोडायचं ते उजव्या हाताने, आणि तेही बोटांवरून नव्हे, मनगटावरून नव्हे, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या खोबणीतून. तिथून पडलेलं पाणीच पोचतं. लहानपणी वडिलांनी हात धरून शिकवलं होतं, असा नाही, असा, तिरका कर. आणि डॉक्टरांनी नेमकी तीच जागा बुजवून टाकली होती.

ते रात्रंदिवस त्या जागेचा विचार करू लागले. विचार म्हणजे एका जागी स्थिर असा नव्हे. तो कुठूनही निघे आणि तिथे येऊन थांबे. सकाळी सुई उकळायला पातेलं ठेवताना ते म्हणत, डाव्या हाताने जमतंय की. मग सुई मांडीत शिरताना वाटे, ही सुई तीच टोचायची, तिच्या हाताला कापरं कसं नव्हतं. पहिल्या दिवशी मात्र होतं. पहिल्या दिवशी तिने आधी सुरणाच्या फोडीत सुई टोचून पाहिली, मग स्वतःच्या मांडीत नुसतीच टोचली आणि म्हणाली, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं." ती वाक्यं इतकी ठळक ऐकू येत की ते मागे वळून पाहत. आणि मग पाणी. तिला पाणी कुणी द्यायचं? हरिहरने? हरिहर चांगला मुलगा आहे. पण त्याच्या काकूने त्याच्यासाठी काय केलं? दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवला. माझ्यासाठी तिने काचेच्या नळीत रोज लघवीच्या थेंबांवर ते निळं औषध ओतून, दिव्यावर धरून, रंग बदलतो का ते पाहिलं. निळं राहिलं की तिचा चेहरा उजळायचा, विटेचा रंग आला की दिवसभर घरात कुणी मेल्यासारखी वावरायची. आता त्या नळ्या फळीवर तशाच होत्या. त्यांनी वर्षभर त्या काढल्या नव्हत्या. काढून कुणाला दाखवायचा तो रंग?

प्लॅस्टर काढायची वेळ आली तेव्हा हरिहर त्यांना ठाण्याला घेऊन गेला. डॉक्टर सबनीस उंच, तिरसट, कपाळावर आठ्या घेऊनच जन्मलेले. त्यांनी नवा फोटो काढवून घेतला, तो खिडकीशी धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. काळ्या काचेवर हाताची हाडं धुरासारखी उमटली होती. त्र्यंबकरावांनी ओळख पटवायचा प्रयत्न केला. हा आपला हात. याच हाताने आपण तिच्या चितेला अग्नी दिला. त्यात भरीव हाड असं काही दिसत नव्हतं, नुसती कडा दिसत होती, आणि आत विरळ, जुन्या धोतरासारखं.

"जुळलं नाही," डॉक्टर म्हणाले. "राहू दे अजून."

"पौष वद्य पंचमीच्या आत निघेल ना?"

"हाडाला पंचांग कळत नाही." डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "किती उंचावरून पडलात?"

"पडलो नाही. बसलो."

"तेच म्हणतो. बसून हाड मोडत नाही, त्र्यंबकराव. तुमच्या वयाला तर नाहीच. वाडीबंदरावर तुमच्या वयाचे हमाल पोती उचलतात. किती वर्षं साखर आहे?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टर टेबलाच्या कडेवर टेकले आणि बोलू लागले. एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याला शिकवावं तसे ते बोलत होते, पण मधूनच आवाज खाली येई, जणू त्यांनाही पुढचं नीट माहीत नव्हतं. हाड म्हणजे दगड नव्हे. घराला जशी रोज कुठे ना कुठे डागडुजी लागते तशी हाडाला लागते. रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरून येतं. रक्तात साखर चढून राहिली की झिजणं चालू राहतं आणि भरणारा गवंडी आळशी होतो. लघवी जास्त होते तिच्यातून हाडांतला चुनाही वाहून जातो. उरतं त्या हाडातला चिवटपणा जातो, नुसतं ठिसूळ राहतं. "नेमकं कसं ते आम्हांलाही पुरतं कळलेलं नाही," ते म्हणाले. "पण जुन्या मधुमेह्यांची हाडं मी पाहिली आहेत. मोडायला निमित्त लागत नाही आणि जुळायला घाई नसते. वर पायांना बधिरपणा येतो, डोळे अधू होतात. चप्पल निघाली ते कळलं नाही ना? झालं तर. हाड कच्चं आणि माणूस धडपडणारा, दोन्ही एकाच घरात."

त्र्यंबकराव ऐकत होते. शब्द एकेक करून कळत होते आणि सगळे मिळून काय म्हणतात ते कळत नव्हतं.

"फिरायला जाता?"

"जात होतो. खाडीपर्यंत, दुर्गाडीच्या खालून."

"होतो म्हणजे?"

"आता नाही जात."

"ऊन? दूध? मासळी खाणारी माणसं ना तुम्ही?"

"वर्षभर सोडलंय. दूधही, मासळीही. सोमवारी उपास असतो. त्या दिवशी सुई घेत नाही, उपाशी पोटी घेतली की घेरी येते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं सोडायला?"

"कुणी नाही. मीच. मंडळींसाठी."

हरिहर बुटांकडे पाहत होता. बाहेर कुठेतरी परिचारिका कुणाला तरी रांगेवरून रागावत होती. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मंडळी तुम्हांला काय खायला घालत होत्या?"

काय खायला घालत होती. त्र्यंबकरावांना वाटलं हा प्रश्न कुणी पूर्वी का विचारला नाही. नाचणीची भाकरी. तिळाची चटणी. बिनसाखरेचं दूध, आणि ते नको म्हटलं की ताक. आवडाबाईकडून घेतलेली बारीक सुकी मांदेली, तव्यावर कुरकुरीत भाजून, आणि वर हुकूम, "काट्यासकट चावा, काटे काढत बसू नका, लहान मूल आहात का?" ते काटे काढून ताटाच्या कडेला ठेवत आणि ती ते पुन्हा ताटात सारत असे. यावरून भांडणं व्हायची. एकदा त्यांनी ताट सारून दिलं होतं. सकाळी चहा झाला की ती छत्री नाही, टोपी नाही, नुसता माणूस बाहेर काढायची. "जा, खाडीवर जाऊन या." पावसाळा संपला की गॅलरीत उन्हाच्या तुकड्यात सतरंजी टाकून, "बाह्या वर करून बसा." त्यांना वाटे, हिला आपण घरात नको असतो. तसं ते एकदा बोललेही. ती म्हणाली होती, "हो, नकोच आहात. दिवसभर डोळ्यांसमोर बसलात तर मी काम कधी करू?" आणि हसली होती.

"तिला हे माहीत होतं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे. हाडाचं."

"मला कसं ठाऊक? मी त्यांना पाहिलेलं नाही." डॉक्टरांचा आवाज मऊ पडला होता. "माहीत असेल नसेल. पण केलं ते बरोबर होतं. तेच सगळं तुम्ही एक वर्ष बंद केलंत. घरातला गवंडी काढून टाकलात आणि मग भिंत पडली म्हणून माझ्याकडे आलात. आता ऐका. सुई एक दिवस चुकवायची नाही. उपास बंद. चाला, सावकाश, पण रोज. पायांवर भार पडल्याशिवाय हाडाला आपली गरज आहे हे कळत नाही. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या आणि अधूनमधून पायांकडे पाहत जा, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. तंबाखू असेल तर सोडा."

"डॉक्टरसाहेब, एक करता येईल का?" त्र्यंबकरावांनी प्लॅस्टरचा हात पुढे केला. "एवढ्याच जागी एक भोक पाडता येईल? अंगठ्याजवळ? पाणी जाण्यापुरतं?"

डॉक्टर आधी हसले. हरिहरने त्यांना समजावून सांगितलं, तसं त्यांचं हसू थांबलं. त्यांनी हात आपल्या हातात घेतला, ती जागा पाहिली, आणि मान हलवली. "हीच जागा हाताला धरून आहे. इथे कापलं की हाड सरकेल. पाणी लागलं तर प्लॅस्टरचा लगदा होईल, तरी सरकेल. मग हा हात असाच वाकडा राहायचा. ताटातला घास उचलता यायचा नाही." ते थांबले. "तुमचा हात आहे. मी बांधून ठेवू शकत नाही."

परतताना कळव्याच्या पुढे खाडीच्या कडेला मिठागरांचे पांढरे ढीग दिसले आणि त्यांच्या डोक्यात काहीच नव्हतं. घरी आल्यावर मात्र सगळं एकदम आलं, आणि एकमेकांवर आदळत आलं. वर्षभर जे जे सोडलं ते तिला दिलं असं ते समजत होते. दुधाचा पेला नाकारताना वाटायचं, हा तिच्या वाटचा. खिडक्या लावून आतल्या खोलीत बसताना वाटायचं, उन्हात एकट्याने काय बसायचं, ती अंधारात असताना. प्रत्येक सोमवारी भूक लागली की बरं वाटायचं, काहीतरी पोचतंय असं वाटायचं. आणि खरं पाहता पोचत काहीच नव्हतं. ते तिचीच वस्तू मोडत होते. आठ-नऊ वर्षं तिने भाकरीच्या, काट्यांच्या, उन्हाच्या जोरावर एक माणूस उभा करून ठेवला होता आणि आपण तो तिच्या नावाने, रोज थोडा थोडा, खाली काढला. मग त्यांना राग येई. तिने सांगायला नको होतं का? नुसतं चावा, जा, बसा. एकदा तरी सांगायचं होतं, हे अशासाठी. पण तिलाच ठाऊक नसेल तर? तिच्या आईने तिच्या वडिलांना काट्यासकट मासे खायला लावले असतील आणि तिने ते तसंच उचललं असेल. मग राग कुणावर करायचा? ते डोकं धरून बसत. डावा हात कपाळाला लागे, उजवा नुसता मांडीवर पडून राही, परक्याचा सांभाळायला ठेवलेला असावा तसा.

त्यांनी सुई नेमाने घ्यायला सुरुवात केली. एका सकाळी फळीवरची नळी काढून, दिवा पेटवून, निळं औषध तापवलं. ते विटकरी झालं आणि त्यांनी घाईने ते ओतून टाकलं, कुणी पाहू नये म्हणून. सोमवारी जेवले. जेवताना घास गिळवेना, पण गिळला. मासळी मात्र आणली नाही. वर्ष पुरं व्हायचं होतं. अर्धवट नेम मोडला, अर्धवट धरून ठेवला, आणि दोन्हीकडून चुकतो आहोत असं वाटत राहिलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी सरोज सोवळ्यात स्वयंपाकाला लागली. भटजी आले, पाट मांडले, दर्भ काढले. ते त्र्यंबकरावांच्या लग्नालाही आलेले, आता दात गेलेले. हात पाहून म्हणाले, "अरेरे. मग हरिहरच्या हातून करू. तुम्ही दर्भाने त्याला शिवून बसा, म्हणजे झालं."

"आणि नातं काय म्हणायचं?"

"त्याच्या नात्याने. त्याची चुलती."

"ती माझी बायको होती."

"ते आहेच हो, पण हात ज्याचा, नातं त्याचं. शास्त्र आहे."

"मग मीच करतो," त्र्यंबकराव म्हणाले.

हरिहर पुढे झाला. "काका, डॉक्टर काय म्हणाले..."

"मी ऐकलंय काय म्हणाले ते. तू गप्प बस रे." ते पाटावर बसले. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात सरोज पळी हातात घेऊन उभी राहिली. भटजींनी ताम्हन पुढे सरकवलं, प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटात कसंबसं दर्भाचं पवित्रक अडकवलं, तळव्यात काळे तीळ ठेवले. तीळ पांढऱ्या प्लॅस्टरवर मुंग्यांसारखे दिसत होते. "हं, तिरका करा हात."

त्यांनी हात तिरका केला. मनगटात कळ आली, खोल, हाडाच्या आतून आली. आजवर त्या हाताने असं काही सांगितलं नव्हतं. भटजींनी पळी भरली. पाणी पळीच्या काठाशी आलं, थरथरलं. एवढंच पाणी. ते अंगठ्याजवळच्या जागेवर पडेल, प्लॅस्टर ते पिऊन टाकेल, आणि तिच्यापर्यंत एक थेंब जायचा नाही. आणि जाईल ते काय? ओलं झालेलं, सरकलेलं, वाकडं झालेलं हाड. तिने भाकरी-काट्यांनी भरलेलं. "आता हेच घे," असं म्हणून द्यायचं तिला? ती घेईल? त्यांना तिचा चेहरा दिसेना. फार दिवसांत दिसला नव्हता. नुसती कपाळावरची आठी दिसली, विटकरी रंग आल्यावर पडायची ती.

"थांबा," ते म्हणाले.

भटजींनी पळी मागे घेतली.

"हरिहर, इथे बस. माझ्या शेजारी. हात पुढे कर." त्यांनी तळव्यातले तीळ त्याच्या हातात ओतले. "पाणी याच्या हातून सोडा. नाव मी घेणार. नातंही मीच सांगणार."

"असं पोथीत नाही, त्र्यंबकराव."

"नसेल."

"मग ते पोचेल की नाही..."

"ते मलाही माहीत नाही. तुम्ही पळी उचला."

भटजींनी सरोजकडे पाहिलं, हरिहरकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकून पळी पुन्हा भरली. हरिहरने हात तिरका केला. त्याला सवय नव्हती. हात चुकीचा वळला. त्र्यंबकरावांनी डाव्या हाताने त्याचं मनगट खालून धरलं आणि वळवलं. असा नाही. असा. मग त्यांनी गोत्र सांगितलं. माझी बायको म्हणाले. तिचं नाव घेतलं. पाणी हरिहरच्या अंगठ्याजवळून खाली पडलं आणि ताम्हनात तीळ फिरले. भटजींनी दुसऱ्यांदा सोडलं, तिसऱ्यांदा सोडलं. पोचतं आहे की नाही याचा अंदाज घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तसं काही आतून येत नव्हतं. हाताखाली फक्त पुतण्याचं मनगट होतं, रुंद, घट्ट, आत कुठे पोकळी नसलेलं.

"झालं," भटजी म्हणाले. "सोडा आता त्याचा हात."

"हो," त्र्यंबकराव म्हणाले, आणि धरूनच बसले.